घरी रुजवलेली देशी झाडं आणि त्यांच्याकडे आलेले पाहुणे : तुमचे अनुभव

नर्सरीत गुलमोहर, बोगनवेल हवी तेवढी मिळते. पांगारा, धायटी, पळस मागितला की "मागवून देतो" म्हणतात आणि पावसाळा निघून जातो. म्हणून ही झाडं घरीच रुजवणाऱ्यांनी लिहा: बी कसं रुजवलं, काय फसलं, आणि झाडाकडे कोण आलं. सुरुवात मी करतो.

बहावा, पुणे
शेंग फोडली की आत चवडीसारखे कप्पे, काळा चिकट गर आणि प्रत्येकात एक गुळगुळीत बी. पहिल्या वर्षी वीस बिया तशाच पेरल्या. दोन महिने पाणी घातलं, एकही उगवली नाही. कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही. पुढच्या वर्षी प्रत्येक बी पॉलिशपेपरवर एका बाजूने घासली, आतला फिकट रंग दिसेपर्यंत, आणि रात्रभर भिजत ठेवली. सकाळी फुगलेल्या बिया बघून मी बायकोला झोपेतून उठवलं! रोप कमरेएवढं झालं तेव्हा पांढरट-पिवळी फुलपाखरं कोवळ्या पालवीवर क्षणभर टेकून जाऊ लागली. ती गेली की पानावर तांदळाच्या कणीसारखं उभं अंडं.

कढीपत्ता, ठाणे
पिकलेली काळी फळं आणली, गर धुतला आणि बिया लगेच लावल्या. वाळवून डबीत ठेवलेल्या रुजल्या नव्हत्या. बाल्कनीतलं झाड दोन वर्षांचं झाल्यावर सासूबाई एकदा फडकं घेऊन आल्या, "पक्ष्याने घाण केलीय पानावर." पुसायला गेल्या तर ती घाण चालायला लागली! अळी होती. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगं काढते. आता एक झाड फोडणीला आणि एक अळ्यांना. अळ्यांच्या झाडावर काहीही फवारायचं नाही, कडुनिंबाचा अर्कसुद्धा नाही.

पांगारा, रत्नागिरी
आमच्याकडे मिरवेल चढवायला पांगारा लावतात, त्यामुळे बियांच्या वाटेला कोणी जात नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढा खुंटा तोडायचा, वरच्या तोंडाला शेण थापायचं आणि हातभर खोल रोवायचा. डोळे वरच्या बाजूला, हे बाबा दरवर्षी बजावायचे. पानं झडून लाल फुलं आली की साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कावळे सगळे एकाच फांदीवर भांडतात.

पळस, नागपूर
बी ताजंच लावा, जुनं रुजत नाही. पिशवी खोल घ्या, मूळ सरळ खाली जातं. माझं रोप पहिल्या उन्हाळ्यात वरून पार वाळलं. फेकणार होतो, आईने थांबवलं. जुलैत बुडातून फुटलं. पळसाचं लहानपणी असं होतंच, हे मला नंतर कळलं.

रुई, संभाजीनगर
माझं थोडं दुःखाचं आहे. कुंपणाबाहेर कापूस उडून आलेली रुई मी वाढू दिली. केशरी फुलपाखरं यायची, पानांवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसायच्या. एका सकाळी सोसायटीच्या साफसफाईत "रान माजलंय" म्हणून ती मुळासकट गेली. ढिगातून सात अळ्या वेचल्या आणि दोन गल्ल्या पलीकडच्या रुईवर नेऊन सोडल्या. या वर्षी बोंड उकललं की बी गोळा करून गच्चीत मोठ्या कुंडीत लावणार आहे. कोणी कुंडीत वाढवली असेल तर कुंडी केवढी घ्यावी, ते सांगा.

जांभूळ, नाशिक
एका बीतून दोन-तीन रोपं येतात तेव्हा घाबरू नका. मी चार पानांवर असताना ओल्या मातीसकट अलगद सुटी केली. दोन जगली. एक दारात आहे, दुसरं बहिणीच्या शेताच्या बांधावर. तिथे यंदा पहिला मोहर आलाय आणि मधमाश्यांचा आवाज विहिरीपर्यंत ऐकू येतो म्हणते.