मदत हवी आहे: देशी झाडांची रोपं मार्चपर्यंत मरतात

रानवाट_धारबांदोडा
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेच्या जागेत फक्त सह्याद्रीतल्या झाडांचं वृक्षोद्यान करायचं चाललंय. पावसात रोपं झकास, डिसेंबरात पानं पिवळी आणि मार्च आला की नुसत्या काड्या. नर्सरीवाला म्हणतो पाणी कमी पडतं, माळी म्हणतो खत. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, सगळं घालून झालं. कुठलं खत घालू तेवढं सांगा. जूनच्या आत ठरवायचंय, कमिटी डोक्यावर बसलीय.

पणसाचो_गरो
रोपं कसली? जमीन कसली? नुसतं 'मरतात' म्हटल्यावर कोणी काय सांगायचं, बाबा?

हिरवा_ध्यास
मियावाकी करा! दाट लावा, पालापाचोळा अंथरा, दोन वर्षं पाणी द्या, मग बघायला नको. माझ्या भावाने पर्वरीला बंगल्यामागे केलंय, आत माणूस शिरत नाही.

काजरा
माणूस शिरत नाही म्हणून जंगल, तर रानमोडीच्या तणाचंही जंगलच म्हणायचं.

रानवाट_धारबांदोडा
रानजायफळ, सीतेचा अशोक, सुरंगी, थोडे नागकेशर. सगळी देशीच आहेत! जमीन साधीच, गोव्यात असते तशी. जुनी परदेशी अकेशियाची झाडं आहेत मध्ये मध्ये.

काजरा
साधी म्हणजे? सडा, म्हणजे उघडा कातळ, की कुळागराची, म्हणजे पोफळीच्या बागेची ओली बाजू?

रानवाट_धारबांदोडा
सडाच. जांभा आहे. पहारीने खड्डे काढून त्यात बाहेरून आणलेली माती भरली.

काजरा
मग खताचा विषय सोडा. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई आहे, एकदा जाऊन बघा. तिथे रानजायफळ चिखलपाण्यात उभं असतं, मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर आलेली. ते झाड तुम्ही कातळावर लावलंत. जांभ्यातला खड्डा जुलैत तुडुंब भरतो, मुळं कुजतात. जानेवारीत तोच खड्डा कोरडा ठणठणीत, आणि मुळाला बाजूच्या दगडात शिरता येत नाही. अशोकालाही ओहोळाकाठची सावली लागते.
मेलेलं एक रोप उपटून बघा. पिशवीच्या तळाशी मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर नर्सरीतच जास्त दिवस राहिलेलं रोप आहे. आणि रायीतली रोपं उपटून आणू नका, हे आधीच सांगतो.

माडावर_माकड
माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथे जाणकार दिसतात म्हणून विचारतो. घरावर कललेला माड तोडायला परवानगी लागते का? शेजारी म्हणतो लागत नाही.

पणसाचो_गरो
लागते. २०१६ मध्ये माड गोव्याच्या वृक्ष कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढला होता, २०१७ मध्ये परत घेतला, वर राज्यवृक्षही केला. शेजाऱ्याची बातमी तेव्हाची असेल. मूळ प्रश्नकर्त्यांनीही लक्षात घ्यावं, अकेशिया तोडायचे तर आधी ट्री ऑफिसरकडे जा. १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे.

किंदळ
कागदावर काहीही असो, माझ्यासाठी राज्यवृक्ष माट्टीच, म्हणजे ऐन. माड कसला? माड लोक लावतात, माट्टी रानात आपसूक येते.

गवताळ
मला एक कळत नाही, सड्यावर झाडं लावायचीच कशाला? ऑगस्टमध्ये सड्यावर गेलायत का कधी? सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद, पायाखाली सगळं फुललेलं असतं. तुम्ही त्यावर माती ओतून नागकेशर लावणार आणि त्याला संवर्धन म्हणणार.

हिरवा_ध्यास
म्हणजे सडा उजाड ठेवायचा? खाणींच्या डंपवर अकेशियाने हिरवळ आली ती कोणाला नको झाली?

गवताळ
उजाड तुम्हाला दिसतो, कारण तुम्ही मे महिन्यात बघता. अकेशियाखाली दुसरं काय उगवलंय ते दाखवा. पाला लवकर कुजत नाही, थर साचतो, उन्हाळ्यात आग लागायला एक विडी पुरे.

किंदळ
अकेशिया एकदम काढू नका मात्र. एकदम ऊन आलं की त्याच्याच बिया उगवतात आणि त्यात रानमोडी घुसते. आम्ही थोडे थोडे काढतो. पावसाळ्यात खाली उगवलेली त्याची रोपं हाताने उपटतो, ओल्या मातीत सहज निघतात. ते काम वर्षानुवर्षं चालतं, फोटो काढण्यासारखं नसतं.

पणसाचो_गरो
रानवाट, जागेत सखल भाग, व्हाळ म्हणजे ओढा, झर काही आहे का?

रानवाट_धारबांदोडा
आहे की. मागच्या उतारावर व्हाळ आहे, मे महिन्यातही पाणी असतं. सांगितलं नव्हतं का? पण ती बाजू रस्त्यावरून दिसत नाही. कमिटीला पाहुण्यांना दाखवायला झाडं गेटजवळ हवीत.

काजरा
नव्हतं सांगितलंत! अहो, मे महिन्यात वाहणारा व्हाळ असताना तुम्ही कातळ फोडत बसलात? रानजायफळ आणि अशोक तिकडे न्या. रानजायफळाचं बी ताजं हवं, लाल साल काढून लगेच पेरायचं, वाळलं की संपलं. व्हाळ आणि सड्याच्या मधल्या उतारावर किंदळ, माट्टी, कुंभा, जांभूळ. कातळाच्या भेगेत माती असेल तिथेच काय ते लावा. उरलेला सडा गवताळ म्हणतात तसा मोकळा ठेवा. एवढ्यापुरतं मी त्यांच्याशी सहमत.

गवताळ
नोंद घेतली.

रानवाट_धारबांदोडा
कमिटीला व्हाळाचं पटवतो. पण गेटजवळ? तिथे गुरंही फिरतात. काहीतरी लावावंच लागेल.

किंदळ
करवंद. जाळीला काटे असतात, गुरं आत तोंड घालत नाहीत, म्हणून त्याच जाळीत जांभळाचं बी टाकून ठेवता येतं, आमच्याकडे असंच वर आलंय. आणि पाहुणे मे महिन्यात बोलवा, गेटवरून हलणार नाहीत.