विषय: शनिवारी फोंडा, माझी स्कोडा सुपर्ब गाडी धरू नका

सुहास, पर्वरी:
शनिवारी फोंड्याला जाणाऱ्या गाड्यांच्या यादीतून माझी गाडी काढा. पुढे डावीकडे परत खटखट. मे महिन्यात आर्म (चाकाला धरणारे सस्पेन्शनचे दांडे) बदलले, चतुर्थीच्या आत त्यांचे बुश (टोकाचे रबरी सांधे) फाटले. मेस्त (मेकॅनिक) म्हणतो पार्टच डुप्लिकेट. बाजाची पेटी आणि पडदे कोण आणतंय? मडगावात कुणी बरा मेस्त आहे का?

दत्ताकाका:
पार्टला नावं ठेवण्याआधी विचार, बोल्ट आवळले कधी? गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना ना? बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की नळी जखडते, मग गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते फाटणारच, पार्ट कितीही अस्सल असो. खालचे आर्म गाडीचं वजन चाकांवर घेऊनच आवळायचे. वरच्या दोन आर्मचे बोल्ट नंतर हाताला लागत नाहीत, म्हणून बसवतानाच माप घेऊन कोन धरावा लागतो. पाडव्याच्या जेवणात हेच सांगत होतो, पण तुमचं लक्ष श्रीखंडात.

मीनल:
पण काका, आर्मच कशावरून? लिंक रॉडही (सस्पेन्शनला अँटी-रोल बारशी, म्हणजे दोन्ही चाकांमधल्या आडव्या दांडीशी जोडणारा) असाच वाजतो. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली की गप्प, एकच चाक खड्ड्यात गेलं की खटखट, तर आधी तोच बघा. बाबांच्या ऑक्टाव्हियाला एका शहाण्याने शॉकॲब्सॉर्बर बदलून दिले, आवाज तिथेच.

सुहास:
काल म्हापशाला जाताना बघितलं, गतिरोधकावरही वाजते आणि खड्ड्यातही. आणि मीनल, तुझी गाडी फोंड्याला येतेय का ते सांग.

नितीन, वास्को:
म्हणून मी एअर सस्पेन्शनवाली मर्सिडीज घ्या म्हणतो. बुशची कटकटच नाही.

दत्ताकाका:
नितीन, काहीही! बुश तिलाही असतात, वर हवेचे फुगे. 1998 साली आलेल्या एस-क्लासला एअरमॅटिक, म्हणजे हेच एअर सस्पेन्शन होतं. फुग्याला बारीक चीर पडली की रात्रभरात गाडी एका कोपऱ्यावर बसते, आणि ती उचलून धरता धरता कॉम्प्रेसर जळतो. फुगा सोडून नुसता कॉम्प्रेसर बदलणारे मी पाहिलेत. सुहास, तुझ्या गाडीत वरच्या बॉल जॉइंटचा (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) आडवा बोल्टही बघून घे. आपल्या खाऱ्या हवेत तो नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) असा धरतो की हातोडा मारला तर नकलच जायचं. आधी चार दिवस गंज सोडवायचं तेल मारत राहायला सांग.

सचिव:
गाड्यांचं नियोजन वाहतूक समिती बघते, कृपया यादीवर परस्पर फेरबदल नकोत. मेस्तची नावं सुहासला खाजगीत कळवा.

दत्ताकाका:
समितीत मी एकटाच आहे, मलाच विचारा.

मीनल:
माझी गाडी येते, पण पेटी मागच्या सीटवर, डिकीत नाही. गेल्या वेळी भाता फाटला तो डिकीतच. पडद्यांना टेम्पो सांगा, भाडं कोणाच्या खात्यात टाकायचं ते खजिनदारांनी आजच कळवावं.