ओबी५२ उघडूनही मिगो अडतंय? मेसेज नंबर बघा

सॅप या कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये फायनान्सवाल्यांनी ओबी५२ (हिशोबाचे पीरियड, म्हणजे महिने, उघडायचा-बंद करायचा स्क्रीन) मध्ये एप्रिल उघडला, तरी मिगोला (आलेला माल नोंदवायचा स्क्रीन) माल जमा होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी खालच्या लाल ओळीवर डबल-क्लिक करून मेसेज नंबर बघा. एफ५ २०१ (पोस्टिंगचा पीरियड उघडा नाही) असेल तर ओबी५२ चं दुखणं. पण एम७ ०५३ असेल तर ओबी५२ कितीही उघडा, काही होणार नाही, कारण मटेरियलचा पीरियड वेगळा सांभाळला जातो.

त्या मेसेजमध्ये '२०२४/१२ आणि २०२४/११ मध्येच पोस्टिंग शक्य' असं दिसलं, की नवी मुलं १२ म्हणजे डिसेंबर समजतात. आपल्याकडच्या व्ही३ व्हेरियंटमध्ये, म्हणजे एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षात, तो मार्च २०२५ असतो! माझी एक अख्खी रात्र यातच गेली होती. गेटवर ट्रक उभे, स्टोअरवाले सारखे फोन करतायत.

एमएमआरव्हीला (मटेरियलचा पीरियड दाखवणारा स्क्रीन) चालू पीरियड बघा. मागेच असेल तर एमएमपीव्ही (पीरियड पुढे नेणारा प्रोग्राम) चालवून एप्रिलवर आणा. मार्चच्या नोंदी राहिल्या असतील तर लगेच एमएमआरव्हीतली मागच्या महिन्यात पोस्टिंगला परवानगी देणारी खूण तपासा. आणि कळकळीने सांगतो, पीरियड मागे नेण्यासाठी एमएमपीआयला (पीरियड नव्याने ठरवणारा प्रोग्राम) हात लावू नका, स्टॉकच्या किमती बिघडतात.