'सोशल आयडेंटिटी'ला प्रश्नावलीत काय म्हणावं?

कलिनाकर: तरुण मुलं अतिरेकी विचारांकडे ओढली जाण्याची जोखीम तपासणारी एक प्रश्नावली मराठीत आणतोय. भरणारी मुलं मुंबईतल्या कॉलेजांमधली. 'सोशल आयडेंटिटी'ला 'सामाजिक अस्मिता' लिहिलं होतं, मार्गदर्शक बाई म्हणतात 'ओळख' करा. तुम्हाला काय वाटतं?

दादरकर: अस्मिता नकोच. पतंजलीने तिला पाच क्लेशांत बसवलंय ते सोडा, आज हा शब्द सभेच्या व्यासपीठावरून कानावर पडतो. 'मला माझ्या गटाची अस्मिता महत्त्वाची वाटते' हे वाचून सहमतीच्या १ ते ७ आकड्यांतला २ कोण निवडेल? जे मोजायचं तेच तुमचा शब्द फुगवणार.

गिरगावची ताई: 'ओळख'ही तितकीच फसवी. 'माझी या समूहाशी घट्ट ओळख आहे' म्हणजे आपल्याकडे तिथे वशिला आहे! अहवालात 'सामाजिक ओळख' खुशाल लिहा, प्रश्नात नको.

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलच्या व्याख्येत सोशल आयडेंटिटी ही मुळातच एकच एक गोष्ट नाही. आपण अमुक समूहातले आहोत ही जाणीव, तिचं आपल्या लेखी असलेलं मोल आणि त्यात गुंतलेली भावना, असं सगळं त्यात येतं. २००८ साली कॉलिन लीच आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या मापनातही स्वतःला त्या समूहातला समजणं वेगळं आणि त्यात जीव गुंतणं वेगळं. मग तसंच सुटं विचारा: 'मी त्यांच्यातलाच एक आहे असं मला वाटतं', 'त्यांना कुणी नावं ठेवली की मला लागतं'. (मुलींसाठी 'त्यांच्यातलीच' लागेल, ते विसरू नका.)

खरी गोम सर्वनामात आहे. 'आपल्या लोकांवर अन्याय होतो' म्हटलं की विचारणारा आणि भरणारा एकाच बाजूला. 'आमच्या लोकांवर' म्हटलं की विचारणारा बाहेर. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे अनुवाद करताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. एका फॉर्मवर 'आपल्या', दुसऱ्यावर 'आमच्या' गेलं तर आकड्यांची तुलना कशी करणार?

दादरकर: ताई, पटलं. मग सरळ चित्रच का देत नाही? मानसशास्त्रज्ञ विल्यम स्वान आणि मंडळींनी २००९ मध्ये केलंय तसं: लहान वर्तुळ म्हणजे मी, मोठं म्हणजे समूह. चित्रागणिक दोन्ही जवळ येत जातात, शेवटच्या चित्रात लहान पूर्ण मोठ्याच्या पोटात.

गिरगावची ताई: द्या की. फक्त त्यावरून जोखीम ठरवू नका. आमच्याकडच्या गोविंदा पथकातला कुठलाही पोरगा शेवटचंच चित्र निवडेल. पथकासाठी सातव्या थरावर चढेल, पण कुणाच्या डोक्यात दगड घालणार नाही. हिंसेची तयारी वेगळीच विचारायला हवी. मोस्कालेन्को आणि मॅकॉली या मानसशास्त्रज्ञांच्या मापनातही कायद्यात राहून केलेली चळवळ आणि कायदा मोडायची, हिंसेची तयारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. आणि तिथे 'कट्टर' वापरू नका, तो मराठीत कौतुकाचा शब्द आहे. कट्टर मुंबईकर, कट्टर फॅन!

कलिनाकर: शेवटचं एक. 'ग्रुप'ला गट, समूह की समाज?

दादरकर: समाज म्हणालात तर मुलं जात लिहून मोकळी होतील. 'आमच्या समाजाचा हॉल' म्हणजे काय ते मुंबईत सांगावं लागत नाही. गट म्हटलं की पक्षातली फाटाफूट आठवते.

गिरगावची ताई: म्हणून आधी एक रिकामी ओळ द्या: 'तुम्हाला सगळ्यात जवळची वाटणारी माणसं कोणती?' मुलांनी लिहिलेलंच नाव पुढच्या प्रश्नांत घाला. किचकट होईल, पण निदान सगळे कशाबद्दल उत्तर देतायत ते तुम्हाला दिसेल.