फॉल्स पॉझिटिव्हला काय म्हणावे?

तळटीप: ट्रस्टच्या संकेतस्थळावरचे दुवे तपासून मराठीत अहवाल द्यायचाय. प्रोग्रॅमने ६१ दुवे 'तुटलेले' म्हणून काढले. हाताने उघडले तर ४० धडधडीत चालू! ह्यांना काय म्हणू? 'खोटे सकारात्मक' लिहिलं, तर अध्यक्ष म्हणाले, "तुटलं यात सकारात्मक काय?"

रंकाळा: खोटी आवई.

शुद्धमती: आवई आधीच खोटी असते. 'मिथ्या होकार' घ्या.

सर्व्हरवाला: आधी ते ४० का अडकले ते बघा. सर्व्हरने उत्तरात दिलेला क्रमांक ४०४, ४१० असेल तर पान बहुधा खरंच गेलं. ४०३ म्हणजे तुम्हाला आत घेत नाहीत. ४२९ म्हणजे फार भराभर दारं वाजवलीत. लिंक्डइन तर बॉटच्या तोंडावर ९९९ मारतं, असा क्रमांक प्रमाणात नाहीच. बरेच प्रोग्रॅम नुसती 'हेड' विनंती पाठवतात (पान नको, फक्त त्याची माहिती द्या), काही सर्व्हर त्यावर ४०५ देतात, म्हणजे अशी विनंती चालत नाही. त्यांना 'गेट'ने, म्हणजे अख्खं पान मागून, मध्ये थांबत थांबत पुन्हा विचारा.

आजोळ: म्हणजे घर उघडंच होतं, वॉचमनने सोडलं नाही! मग शब्द आहे की, 'आळ'. गणेश चतुर्थीला चंद्र बघितला की येतो तो. ४० दुव्यांवर नसता आळ आला.

शुद्धमती: आळ माणसावर येतो. परिभाषेत असलं चालत नाही.

आजोळ: 'मिथ्या' म्हटलं की मला कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. कोविडात काकांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पुन्हा केला तर निगेटिव्ह. आई अजून म्हणते, "भावजींवर नुसता आळ आला होता."

तळटीप: 'आळग्रस्त दुवे'? अध्यक्ष मलाच काढतील.

रंकाळा: पण दुवा तुटतो का? दोरी तुटते. दुवा निखळतो.

शुद्धमती: बरोबर, 'निखळलेला दुवा'च हवं. दोघांना जोडतो तो दुवा, 'दोन'वरूनच आला असणार.

रंकाळा: ही तुमची घरगुती व्युत्पत्ती. आमच्याकडे दुवा म्हणजे आशीर्वाद, तो अरबीतून आला.

आजोळ: ते दोन वेगळे शब्द आहेत हो!

सर्व्हरवाला: सरळ 'लिंक' म्हणा ना.

शुद्धमती: झालं! आता तो लिंक की ती लिंक?

सर्व्हरवाला: ती. उलटा प्रकारही असतो बरं का: पान गेलेलं, पण सर्व्हर २०० देऊन सगळं आलबेल सांगतो. त्याला काय म्हणाल?

आजोळ: सोंग.

तळटीप: अहवाल गेला. 'संशयित ४०' लिहिलं.

शुद्धमती: संशयित म्हणजे अजून निकाल लागायचाय. तुमचे तर निर्दोष सुटलेत.

रंकाळा: 'आलबेल' कुठून आला माहितेय का कुणाला?