विपंची म्हणजे पाच तारांची वीणा का?

बहिणीच्या मुलीचं नाव ‘विपंची’ ठेवायचं घाटतंय. नावांच्या एका यादीत ‘पाच तारांची वीणा’ असा अर्थ दिलाय. बरोबर आहे का? बारसं पुढच्या रविवारी आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.

— वीणा बरोबर, पाच चूक. ‘पंच’ दिसलं की आपण बोटं मोजायला लागतो. इथे धातू ‘पञ्च्’ आहे, पसरणे, विस्तारणे. नाद विस्तारते ती विपंची. याच धातूचा आपल्या घरात रोज वावरणारा शब्द म्हणजे प्रपंच, म्हणजे पसारा. त्यातही पाच कुठे आहेत?

तारांचंच म्हणाल तर नाट्यशास्त्रात भरताने सरळ हिशेब दिलाय: ‘सप्ततन्त्री भवेच्चित्रा विपञ्ची नवतन्त्रिका’. चित्रेला सात तारा, विपंचीला नऊ. चित्रा बोटांनी वाजवायची, विपंची ‘कोणा’ने. कोण म्हणजे नखी. अमरकोशात मात्र हा भेद नाही. तिथे वीणा, वल्लकी, विपंची सगळ्या एकच, आणि सात तारांची असेल तर ती परिवादिनी. कोशकाराला अर्थाशी काम, तारा पिळणाऱ्याला तारांशी!

— थोडी भर घालतो. विपंची म्हटल्यावर सरस्वतीच्या हातातली दोन भोपळ्यांची वीणा डोळ्यांपुढे येते, ती आणू नका. जुनी वीणा धनुष्यासारखी वाकडी, पडदे नसलेली. लोणावळ्याजवळ भाजे लेण्यात हत्तीवरच्या इंद्राचं मोठं शिल्प आहे ना, त्याच्या खालच्या भागात तसली वीणा घेऊन बसलेला वादक आणि जवळ नाचणारी बाई कोरलीय. सगळे हत्तीचा फोटो काढून निघून जातात. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजाच्या मांडीवरही तीच. ब्रह्मदेशात त्या घराण्याचं ‘सौंग’ आजही वाजतं. आपल्याकडे वाद्य गेलं, नाव राहिलं आणि ते पुढच्या वाद्यांना चिकटत गेलं. सप्ताहात पहारेकरी पाळीपाळीने गळ्यात घेऊन उभे राहतात तीही वीणाच, पण घडण तंबोऱ्याची.

— आभार! पाच तारा रद्द. आईला ‘प्रपंचाच्या गोत्रातलं नाव’ असं सांगितलं, तर म्हणाली, आत्तापासून कशाला पोरीच्या गळ्यात? नाव मात्र तिला आवडलंय.