दप्तरातील बॉक्स फाइलींसाठी छोटा लेबल प्रिंटर: कोणता प्रकार टिकतो?

प्रश्न:
नमस्कार. आमचे पुण्यात कर सल्लागाराचे छोटे कार्यालय असून अशिलांच्या बॉक्स फाइली भिंतीलगतच्या लोखंडी मांडणीवर उभ्या ठेवलेल्या असतात. त्यांच्या कण्यांवर आजवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या डिंकाने लावत आलो. परंतु पावसाळ्यात दमट हवेने त्या सुटतात, शाई फुटते आणि ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत एका कागदासाठी चार फाइली उघडाव्या लागतात. टेबलावर मावेल असा लेबल प्रिंटर घ्यायचा आहे. दुकानात दोन प्रकार पाहिले. एकात शाई लागतच नाही, कागदी लेबलांचा रोल बसतो; दुसऱ्यात टेपची कॅसेट बसते आणि ती महाग पडते. नावे मराठीत छापायची आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
कण्यावरच्या लेबलासाठी कॅसेटचाच प्रिंटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शाई न लागणाऱ्या प्रिंटरचा कागद उष्णतेने काळा पडणारा असतो. त्यावर नखाने जोरात ओरखडा काढला तर घर्षणाच्या उष्णतेनेच काळी रेघ उमटते. एटीएमच्या पावतीवरची अक्षरे काही महिन्यांत उडतात, ती याच कागदामुळे. ऊन, हातावरचे सॅनिटायझर आणि प्लास्टिकचे पारदर्शक कव्हर या तिन्हींनी त्याचा रंग जातो, म्हणून लेबल कव्हरात घालून ते वाचेल या भरवशावर राहू नये. कुरिअरच्या पाकिटांवर पत्ते छापायला मात्र हा प्रिंटर उत्तम आणि स्वस्त आहे.

कॅसेटमध्ये लॅमिनेटेड टेप घेतल्यास छपाई वरच्या पारदर्शक थराच्या आतल्या बाजूला उलटी होते आणि मग तो थर चिकट पट्टीवर बसतो, त्यामुळे अक्षरांना हातही लागत नाही व पाणीही लागत नाही. वस्तू व सेवा कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीची हिशेबपुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. तेवढा काळ जी वाचता येणार नाही, ती पट्टी स्वस्त असूनही महागच पडते.

प्रतिसाद २:
मराठीच्या दृष्टीने एक गोष्ट खरेदीपूर्वी पाहावी. हातात धरून वापरायच्या लेबल यंत्रांच्या कळफलकावर सहसा देवनागरी नसते. संगणकाला यूएसबीने जोडता येणारे यंत्र घेतले, तर संगणकातील कोणताही युनिकोड टंक (फॉन्ट) छापता येतो. रुंदीचाही विचार करावा. १२ मिलिमीटरच्या टेपवर रोमन अक्षरांच्या दोन ओळी नीट बसतात, पण देवनागरीत वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात व ‘कृ’ किंवा ‘र्ष’ दुरून ओळखू येत नाहीत. दोन ओळींसाठी २४ मिलिमीटरची टेप घेणारे यंत्र निवडावे. बारीक रेघेचा टंक नको. विंडोजमधील ‘निर्मला’ या टंकाचा ठळक प्रकार हाताच्या अंतरावरून सहज वाचता येतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. कण्यावर अशिलाचे नाव आधी असावे की वर्ष? शिवाय प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला कोरी टेप वाया जाते असे ऐकले, ते खरे आहे का?

प्रतिसाद ३:
कोरी टेप जाते, हे खरे आहे. छापण्याची जागा आणि कापण्याचे पाते यांत अंतर असल्याने अनेक यंत्रांत दर वेळी साधारण अडीच सेंटिमीटर टेप पुढे सरकते. एकेक पट्टी सुटी छापली तर हे नुकसान प्रत्येक वेळी होते; सलग छपाईचा पर्याय निवडून सगळी नावे एकदमच पाठवली तर ते फक्त सुरुवातीला होते. यादी एक्सेलमध्ये तयार असेल तर बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती थेट घेता येते.

क्रमाबद्दल सांगायचे तर वरच्या ओळीत फाइल क्रमांक व अशिलाचे नाव आणि खालच्या ओळीत २०२४-२५ असे आर्थिक वर्ष घालावे, कारण माणूस कार्यालयात येतो तो नाव सांगत, वर्षाचा प्रश्न त्यानंतर निघतो. पॅन किंवा मोबाइल क्रमांक कण्यावर कधीही छापू नये. समोर बसलेल्या दुसऱ्या अशिलाला तो दिसतो. वर्षागणिक टेपचा रंग बदलला, म्हणजे एका वर्षी पांढरा आणि पुढच्या वर्षी पिवळा, तर चुकीच्या जागी ठेवलेली फाइल लांबूनही खटकते. जुन्या डिंकाचा थर ओल्या फडक्याने काढून कणा पूर्ण वाळू द्यावा आणि मगच पट्टी मधून कडांकडे दाबत बसवावी. धुळीवर लावलेली लॅमिनेटेड टेप कडेने उचलते.